‘ओल्ड नंबर वन’: तीन सुटे भाग आणि एक कोटी पौंड

जुन्या गाड्यांच्या सौद्यात ‘ओरिजिनल’ या शब्दावरून वाजलं की फिरून फिरून एकाच निकालाचा दाखला निघतो. जुलै १९९०, लंडनचं हायकोर्ट, न्यायमूर्ती ऑटन. वादी हबर्ड हे गाडीमालक, प्रतिवादी मिडलब्रिज सिमिटार ही कंपनी, आणि मधे उभी ‘ओल्ड नंबर वन’ नावाची शर्यतीची एक जुनी बेंटली. एप्रिलमध्ये एक कोटी पौंडांचा सौदा ठरला होता. नंतर घेणारे म्हणाले, ही ती गाडी नव्हेच.

‘ती’ म्हणजे कुठली, हे कळायला साठेक वर्षं मागे जावं लागतं. डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१९ मध्ये कंपनी काढली. लंडनच्या क्रिकलवूड भागातल्या त्यांच्या कारखान्यात गाड्या उत्तम व्हायच्या, गल्ल्यात मात्र कायम खडखडाट. १९२६ मध्ये वुल्फ बार्नाटो याने पैसा ओतला आणि तो कंपनीचा अध्यक्ष झाला. बापाने किंबर्लीच्या हिऱ्यांत कमावलेलं, पोराने गाड्यांत घातलं, असं कुणी म्हणेल. पण हा अध्यक्ष खुर्चीत बसणारा नव्हता. फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तो तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला. पहिला विजय १९२८ चा, साडेचार लिटरच्या बेंटलीवर. पुढचे दोन ‘ओल्ड नंबर वन’वर.

ही साडेसहा लिटरची ‘स्पीड सिक्स’, नंबरप्लेट एमटी ३४६४. १९२९ मध्ये बार्नाटोच्या जोडीला टिम बर्किन होता. गाडीने सुरुवातीलाच आघाडी घेतली ती सोडलीच नाही, आणि तिच्या मागचे तीन नंबरही बेंटल्यांनीच पटकावले. १९३० मध्ये जोडीदार ग्लेन किड्स्टन. त्या वर्षी जर्मन ड्रायव्हर काराच्चिओलाच्या मर्सिडीजने चांगलाच घाम फोडला, पण ती मधेच बंद पडली. एकाच गाडीने ल माँ दोनदा जिंकल्याचं हे पहिलं उदाहरण. दुसरं पाहायला १९६९ उजाडावं लागलं, तेव्हा फोर्ड जीटी४० ने ते करून दाखवलं.

कारखान्याच्या लेखी मात्र ही गाडी म्हणजे काही देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हती. शर्यत झाली की ती उघडायची, झिजलेलं फेकायचं, नवं बसवायचं. १९३१ मध्ये कंपनी बुडाली, रोल्स-रॉइसने विकत घेतली, तरी गाडी बार्नाटोपाशी होतीच. १९३२ मध्ये तिची पुन्हा मोठी बांधणी झाली आणि तिच्यात आठ लिटरचं इंजिन आलं. आता लक्ष्य होतं ब्रुकलंड्सची पाचशे मैलांची शर्यत.

ब्रुकलंड्स हा इंग्लंडमधला १९०७ चा काँक्रीटचा ट्रॅक, वळणावर कढईच्या कडेसारखा वर चढत गेलेला. जितका वेग जास्त, तितकी गाडी कडेच्या जवळ. २४ सप्टेंबर १९३२ ला क्लाइव्ह डन्फी गाडी चालवत होता, त्याचा सख्खा भाऊ जॅक याच गाडीवर त्याचा जोडीदार. वरच्या बाजूने पुढे काढताना चाक कडेपलीकडे गेलं. क्लाइव्ह जागीच गेला, गाडी उतारावरच्या झाडांत जाऊन आदळली.

बार्नाटोने तीही भंगारात काढली नाही. दुरुस्त करून, बंद, दोन दारांची कूपे बॉडी चढवून रस्त्यावर आणली. पुढे मालक बदलले, आणि जीर्णोद्धारात तिला पुन्हा ल माँच्या थाटाची उघडी बॉडी मिळाली.

कोर्टापुढे आलेला सुट्या भागांचा हिशेब वाचताना गंमत वाटते. १९२९ च्या गाडीतलं खात्रीने सांगता येईल असं काहीच उरलेलं नाही. काही किरकोळ फिटिंग्ज आहेत, त्यांचं साल सांगता येत नाही. १९३० च्या गाडीतलं काय? पेडल शाफ्ट, गिअरबॉक्सचं केसिंग आणि स्टिअरिंग कॉलम. संपलं. चॅसिस, पुढचा ॲक्सल, इंजिन हे सगळं १९३२ चं, म्हणजे ल माँ कधीच न पाहिलेलं. आपल्याकडे आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर, दोन्ही जुळले नाहीत तर आरटीओत टेबलावरची फाइल पुढे सरकणार नाही. इथे तर सौदाच एक कोटी पौंडांचा.

निकाल हबर्ड यांच्या बाजूने लागला. १९२९-३० मध्ये ल माँला धावली ती ‘मूळ’ गाडी ही नव्हे, हे न्यायमूर्तींनी साफ सांगितलं. पण ही नक्कलही नव्हे. नवे भाग हळूहळू, गाडी धावती असतानाच तिच्यात मुरत गेले, त्यामुळे तिची ओळख कुठेच तुटली नाही. आणि या नावावर हक्क सांगणारी दुसरी बेंटली जगात नाही. विकायला काढलं होतं ते नुसतं लोखंड नव्हे, तिचा लौकिकही. म्हणून ती ‘अस्सल’. करार पाळणं भाग होतं.

मला निकाल पटतो. उघड्या बॉडीपाशी मात्र जरा अडखळायला होतं. धावताना बदललेलं इंजिन हा गाडीच्या आयुष्याचा भाग झाला, पण नंतर तिला जुनं दिसावं म्हणून चढवलेला नवा पत्रा हे निव्वळ सोंग. अर्थात ब्रुकलंड्सच्या झाडांत गेलेली बॉडी परत आणायची कुठून, हाही प्रश्न आहेच.

आज अशा गाडीसोबत कागदपत्रांची जाडजूड फाइल विकली जाते: जुनी बिलं, नोंदणीपुस्तकं, पिवळे पडलेले फोटो. कागद दंतकथेलाही पुरून उरतो, हे बार्नाटोच्याच दुसऱ्या गाडीवरून दिसतं. मार्च १९३० मध्ये त्याने फ्रान्सच्या ‘ब्लू ट्रेन’ या एक्सप्रेस गाडीशी पैज लावली आणि ट्रेन उत्तरेतल्या कॅले बंदरात पोचायच्या चार मिनिटं आधी तो दक्षिण फ्रान्समधल्या कान शहराहून थेट लंडनच्या क्लबात दाखल झाला. कित्येक वर्षं चित्रांत या पराक्रमाचं श्रेय एका देखण्या कूपेला मिळत राहिलं. तिची बॉडी गर्नी नटिंग या बॉडी बांधणाऱ्या कंपनीची. इंदूरच्या यशवंतराव होळकरांच्या ड्यूसनबर्ग या अमेरिकन गाडीची बॉडीही याच कंपनीची. नोंदी तपासल्यावर निघालं की कूपे बार्नाटोच्या ताब्यात आली तीच मे महिन्यात. ट्रेनला हरवलं होतं ते मलिनर या दुसऱ्या कंपनीची बॉडी असलेल्या एका साध्यासुध्या सलून गाडीने.