वॉशिंग्टन आडनाव आलं कुठून आणि आज लावतं कोण

वॉशिंग्टन म्हटलं की आपल्याला अमेरिकेची राजधानी आठवते नाहीतर जॉर्ज वॉशिंग्टन, पण आडनाव पक्कं इंग्लंडचं आहे. ईशान्य इंग्लंडात डरहमजवळ या नावाचं जुनं गाव आहे, आणि आपल्याकडे गावावरून चिपळूणकर-पाटणकर झाले तसंच तिकडेही झालं. ११८० च्या सुमारास विल्यम नावाच्या सरदाराने आपली हार्टबर्नची जमीन देऊन डरहमच्या बिशपकडून ही जहागीर घेतली, आणि तोवर हार्टबर्नचा असलेला माणूस वॉशिंग्टनचा झाला.

पुढे घराणं पांगलं. एका शाखेतल्या लॉरेन्स वॉशिंग्टन या लोकरीच्या व्यापाऱ्याने १५३९ मध्ये नॉर्थम्प्टनशरमधली सल्ग्रेव्हची जहागीर विकत घेतली, त्याच्या वंशातल्या एका पाद्र्याला १६४३ मध्ये इंग्लंडच्या यादवी युद्धाच्या धामधुमीत चर्चमधून काढलं, घरची परिस्थिती खालावली, आणि त्याचा मुलगा जॉन १६५६-५७ च्या सुमारास तंबाखूच्या व्यापारासाठी अमेरिकेत व्हर्जिनियाला गेला तो तिथलाच झाला. जॉर्ज वॉशिंग्टन त्याचा पणतू.

आता खरी गोष्ट. अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत हे आडनाव लावणारे १,६३,०३६ लोक निघाले आणि त्यातले सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय होते! स्मिथ, जॉन्सन वगैरे आडनावंही कृष्णवर्णीयांमध्ये भरपूर आहेत पण नेहमीच्या आडनावांमध्ये इतकं प्रमाण दुसऱ्या कशातच नव्हतं.

यावर लोक पटकन म्हणतात की गुलामांना मालकाचं आडनाव चिकटलं, विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही, कारण साधा हिशोब बघा, १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन वारले तेव्हा त्यांच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर ३१७ गुलाम होते, त्यातले स्वतःच्या मालकीचे १२३, आणि त्यांनाही मृत्युपत्राने मुक्त केलं. एवढ्यावरून लाख-दीड लाख लोकांचा उलगडा कसा होणार? तिथल्या काहींनी नाव लावलं हे खरं, जसा हॅरी वॉशिंग्टन, जो १७७६ मध्ये पळून इंग्रजांना मिळाला, म्हणजे मालकाच्याच शत्रूला, नंतर आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाला आणि तिथून १७९२ मध्ये आफ्रिकेत सिएरा लिओनला गेला. पण बाकी बहुतेकांचा त्या घराण्याशी संबंधच नव्हता.

१८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर लाखो लोकांना कागदोपत्री आडनाव लागलं. अनेक घरांत आधीपासून आडनावं होती, फक्त मालकासमोर उच्चारत नसत, आणि ज्यांनी नव्याने घेतलं त्यांच्यापुढे देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं मानाचं नाव होतं. पुढे मोठे शिक्षणतज्ज्ञ झालेले बुकर टी. वॉशिंग्टन लहानपणी शाळेत गेले तेव्हा त्यांना आडनावच नव्हतं, मास्तरांनी विचारल्यावर त्यांनी सांगून टाकलं, बुकर वॉशिंग्टन. सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, आडनाव फर्ग्युसन. दहा-बारा वर्षांच्या आतल्या पोराने स्वतःचं आडनाव स्वतः ठरवलं, मला तर हे फार मोठं वाटतं.

गोऱ्यांमध्ये मात्र नाव तुरळकच राहिलं, खुद्द जॉर्ज यांना स्वतःचं मूल नव्हतं. आणि आज ज्या कृष्णवर्णीय वॉशिंग्टन कुटुंबांना आपले पूर्वज शोधायचे असतात त्यांची वाट बहुतेकदा १८७० च्या जनगणनेपाशी अडते, कारण त्याआधी १८५० आणि १८६० मध्ये गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग अशी केलेली आहे, नाव क्वचितच कुठे लिहिलेलं.