एका आकड्यावर बीपी ठरत नाही

निपाणी-चिकोडी भागात सकाळी मशेरी लावून, चहा पिऊन, घाईघाईत आरोग्य केंद्र गाठणाऱ्या बायका पुष्कळ. तिथे पोचताच मोजलेलं बीपी १५०/९६ आलं, तरी तेवढ्यावरून आजार ठरत नाही. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, ठोके वाढतात. मशेरी, विडी, चहा यांनंतर निदान अर्धा तास जाऊ द्यावा.

लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं न बोलता बसावं. बीपी मशीनचा पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर बांधावा आणि हात टेबलावर असा टेकवावा की दंड छातीच्या पातळीत येईल. दंड १० सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा साधारण ८ने वाढतो. खरा घोळ होतो तो पट्ट्याच्या मापात. नेहमीचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. ३६च्या दंडावर तोच ओढूनताणून बसवला, की बीपी उगाच जास्त दिसतं. मशीन घेण्याआधी शिलाईच्या टेपने दंडाचा घेर मोजाच.

दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा जास्त येत राहिलं, तर उच्च रक्तदाब. घरी ७ दिवस सकाळ-संध्याकाळ, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहावं. पहिला दिवस वगळून सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टरांना वही दाखवावी. मात्र १८०/११०च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोबडी वळणं असेल, तर वही बाजूला ठेवून लगेच मोठं हॉस्पिटल गाठावं.

औषधाची सुरुवात बऱ्याचदा ५ मिलिग्रॅम अॅम्लोडिपिनच्या गोळीने होते. महिनाभरात बीपी आटोक्यात आलं नाही तर टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी जोडतात. अॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. तेव्हा गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टर ती बदलून देतात. गरोदरपणात टेल्मिसार्टन चालत नाही.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चौघांच्या घराला महिन्याला ६०० ग्रॅम. लोणचं, पापड, खर्डा यांतलंही त्यातच धरायचं. ऊसतोडीने कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी रोज घेतली, तर तीही बीपी चढवते आणि गोळ्यांचा असर कमी करते. डॉक्टरांना तीही दाखवा.