शाळेची नवी इमारत: पर्यावरण आढावा वेगळा, नियोजन मंजुरी वेगळी

कॅलिफोर्नियात एखादी खाजगी शाळा वाढायचं ठरवते, आसपासच्या घरी सुनावणीच्या नोटिसा पोहोचतात आणि गोंधळ सुरू होतो. एक शेजारी म्हणतो, ‘पर्यावरण अहवाल पास झाला, आता बांधकाम होणारच.’ दुसऱ्याला वाटतं, अहवालात परिणाम गंभीर म्हटलाय, म्हणजे प्रकल्प बारगळला. दोघंही चुकतात, कारण दोन वेगळ्या गोष्टी त्यांनी एक धरलेल्या असतात.

तिथला 1970 चा पर्यावरण गुणवत्ता कायदा, ज्याला सगळे ‘सीक्वा’ म्हणतात, असं विचारतो की हे बांधलं तर आज आहे त्यात काय बदलेल? झाडं, आवाज, धूळ, पाण्याचा निचरा, जुन्या वास्तू. नियोजन मंजुरीचा प्रश्न निराळा आहे: या जागेवर, या वस्तीत एवढी मोठी शाळा चालू द्यायची का? पहिल्यातून माहिती हाती येते, दुसऱ्यातून होकार, नकार किंवा अटींसह होकार. क्रम मात्र पक्का आहे. आढावा पुरा झाल्याशिवाय होकार देता येत नाही.

अहवालात गंभीर परिणाम निघाला तर तो कमी करण्याचे शक्य ते उपाय करावेच लागतात. तरीही तो उरला, तर प्रकल्पाचे फायदे त्याहून मोठे का वाटतात हे कारणांसह लेखी नोंदवून शहर मंजुरी देऊ शकतं. उलट अहवाल अगदी निर्दोष असला, तरी वस्तीच्या नियमांत बसत नाही म्हणून परवाना नाकारला जाऊ शकतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वाहतुकीच्या बाबतीत. सकाळी मुलांना सोडायला आलेल्या गाड्यांची रांग हा शेजाऱ्यांचा पहिला राग असतो, आणि तो रास्तही आहे. पण 1 जुलै 2020 पासून राज्यभर सीक्वामध्ये गाड्यांचा खोळंबा हा पर्यावरणावरचा गंभीर परिणाम धरला जात नाही. मोजलं जातं ते लोक एकूण किती मैल गाडी चालवतील हे. त्यामुळे ‘चौकात दहा मिनिटं अडकतो’ हे अहवालाच्या मसुद्यावर कितीही पोटतिडकीने लिहिलं, तरी त्याचं वजन फार पडत नाही. तेच सशर्त वापर परवान्याच्या, म्हणजे अटी घालून जागा वापरू देणाऱ्या नियोजन मंजुरीच्या, सुनावणीत मांडा. तिथे विद्यार्थीसंख्येवर मर्यादा, शाळा सुटण्याच्या वेळा, गाड्या उभ्या करण्याची जागा अशा अटी घालता येतात. माणसं बरोबर तक्रार चुकीच्या दारात नेतात आणि कुणी ऐकलंच नाही म्हणून खचतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

खाजगी शाळेच्या बाबतीत दोन्ही कामं बहुधा शहरच करतं, कधीकधी एकाच संध्याकाळच्या बैठकीत, म्हणून फरक दिसत नाही. सार्वजनिक शाळेत तो उघडा पडतो. तिथे सीक्वाचा आढावा शाळा जिल्हा, म्हणजे त्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणारी संस्था, स्वतः करतो. शिवाय वर्गखोल्यांसाठी शहराचे झोनिंग नियम (कुठल्या जागेवर काय चालेल ते ठरवणारे) लागू नाहीत, असं जिल्ह्याचं मंडळ दोन-तृतीयांश मतांनी ठरवू शकतं. तेव्हा शहराच्या झोनिंगची अडचण उरत नाही, पण पर्यावरण आढाव्याची जबाबदारी सुटत नाही.

लहान वाढीचं उलट आहे. असलेल्या आवारातच बांधकाम असेल आणि मूळ विद्यार्थीक्षमता 25 टक्क्यांहून किंवा 10 वर्गखोल्यांहून (जे कमी असेल ते) जास्त वाढत नसेल, तर सीक्वातून सहसा सूट मिळते. खाजगी शाळेला शहराचा परवाना मात्र तरीही लागू शकतो. ‘सूट मिळाली’ हे ऐकून कुणी निर्धास्त होऊ नये, तसंच त्यात काही लपवाछपवी आहे असंही लगेच समजू नये.

सविस्तर अहवालाचा मसुदा आला की लेखी मत द्यायला साधारण 30 ते 60 दिवस असतात, आणि आलेल्या पर्यावरणविषयक मुद्द्यांना अंतिम अहवालात लेखी उत्तर द्यावंच लागतं. ही सोय लोकांनी जरूर वापरावी. कोर्टात जायची वेळ आलीच तर दोन्हीकडची मुदतही वेगळी आहे. मंजुरीची सूचना रीतसर दाखल झाल्यापासून पर्यावरण आढाव्याला आव्हान द्यायला 30 दिवस मिळतात, तर वापर परवान्याविरुद्ध निर्णयापासून 90. नव्वद दिवस हातात आहेत असं समजून थांबणाऱ्याची पहिली मुदत तोवर उलटून गेलेली असते.