पॅकेज गेलं, नोंद राहिली

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, बसवण्या-काढण्याचं साधन आहे डीपीकेजी. यादी पाहायला ‘डीपीकेजी -एल’ चालवलं की ‘आय-आय’ने (बसवलेलं पॅकेज) सुरू होणाऱ्या ओळींमध्ये मधूनच ‘आर-सी’वाल्या (काढलेलं, पण नोंद राहिलेलं पॅकेज) ओळी दिसतात. एकच उबुंटू वर्षानुवर्षं अपग्रेड करत आणला असेल तर जुन्या कर्नलांचीच (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) रांग लागलेली असते. पाहणाऱ्याला वाटतं, साफसफाई अर्धवट राहिली. खरं तर हे जाणूनबुजून ठेवलेलं असतं.

इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन सुरू केलं. डीपीकेजी आधी शेल स्क्रिप्ट होती, मग पर्लमध्ये आली आणि १९९४ मध्येच इयन जॅक्सन यांनी तिचा मुख्य भाग सी भाषेत लिहिला. त्या काळी सर्व्हर लावायचा म्हणजे ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाइली हाताने, ओळ-ओळ जुळवायच्या. ही मेहनत सर्व्हर सांभाळणाऱ्याची, पॅकेजची नव्हे, हे डेबियनने मानलं. मला त्यांची ही भूमिका फार मोलाची वाटते. म्हणून आज्ञा दोन झाल्या: ‘रिमूव्ह’ने प्रोग्रॅम जातो, या सेटिंगच्या म्हणजे कॉन्फिग फाइली राहतात, ‘पर्ज’ने त्याही जातात.

राहिलेल्या फाइली कोणाच्या, हे लक्षात ठेवायला नोंद लागतेच. ती असते ‘व्हार/लिब/डीपीकेजी’मधल्या ‘स्टेटस’ नावाच्या साध्या मजकूर फाइलीत. काढलेलं पॅकेज तिथे शोधा, ओळ सापडेल: ‘डीइन्स्टॉल ओके कॉन्फिग-फाइल्स’. खाली प्रत्येक कॉन्फिग फाइलीचा मार्ग आणि तिचा एमडी५ चेकसम, म्हणजे मजकूर बदलला की बदलणारा ओळखीचा आकडा. पॅकेज पुन्हा टाकलं की याच चेकसमवरून डीपीकेजी ओळखतं, तुम्ही फाइलीला हात लावला होता की नाही.

कर्नलांचं कारण थोडं वेगळं. कॉन्फिग फाइल नसली तरी काढल्यानंतर चालवायची ‘पोस्टआरएम’ स्क्रिप्ट पॅकेजसोबत असेल, तर पर्जच्या वेळी ती लागेल म्हणून नोंद राखली जाते. दोन्ही नसतील तर पॅकेज काढताच नोंदही जाते. पुढे डीपीकेजीच्या वर चालणारं एपीटी हे साधन आलं, १९९९ च्या डेबियन २.१ पासून वापरात रुळलं; पण गरज न उरलेली पॅकेजं काढणारं त्याचं ‘ऑटोरिमूव्ह’सुद्धा, वेगळं सांगितल्याशिवाय, पर्ज करत नाही.

आता ‘एपीटी पर्ज’ला ‘~सी’ हा पॅटर्न दिला की सगळ्या ‘आर-सी’ नोंदी एका झटक्यात निघतात. त्याआधी यादी वाचा. तिच्यात मारियाडीबी या डेटाबेस प्रणालीचा सर्व्हर असेल तर पर्ज करताना डेटाबेसही पुसायचे का, असा प्रश्न येतो, आणि घाईत ‘हो’ म्हटलं तर ‘व्हार/लिब/मायएसक्यूएल’मधला डेटा जातो.