मोरबाथ: खेड्यातलं चर्च आणि त्याचा जमाखर्च

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात, एक्समूरच्या माळरानाच्या दक्षिण कडेला मोरबाथ नावाचं छोटं गाव आहे. तिथलं सेंट जॉर्जचं चर्च बघायला मुद्दाम वाट वाकडी करावी, असं त्यात काही नाही. वास्तू जुनी आहे खरी, पण 1875 ते 1880 च्या सुमारास विल्यम बटरफिल्ड या वास्तुविशारदाने तिची इतकी डागडुजी केली की मनोऱ्यावरचं दुपाखी छप्परही त्याच्याच काळातलं. तरीही इंग्लंडच्या धर्मसुधारणेचा, म्हणजे सोळाव्या शतकात तिथलं चर्च रोमच्या पोपपासून तुटून प्रोटेस्टंट झालं त्या उलथापालथीचा, इतिहास लिहिताना या गावाला वगळता येत नाही. त्याचं कारण आहे गावच्या पाद्र्याने पन्नासहून अधिक वर्षं सांभाळलेली जमाखर्चाची वही.

हा पाद्री म्हणजे क्रिस्टोफर ट्रिकी. तो 1520 मध्ये मोरबाथला आला आणि 1574 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. गाव जेमतेम तेहतीस घरांचं, वस्ती दीडशेच्या आसपास, बहुतेक सगळे मेंढपाळ शेतकरी. चर्चच्या पैशाची जबाबदारी दरवर्षी नव्या कारभाऱ्यांकडे जायची आणि त्यांचा हिशेब ट्रिकी लिहून द्यायचा. तो सगळ्या गावासमोर वाचला जायचा. त्यामुळे त्याचं इंग्रजी बोलावं तसं आहे. मध्येच समजूत घालणं, कुणाचं कौतुक, कुणाला कोपरखळी. कोरडे आकडे बघायला बसलेला माणूस बघता बघता गावाच्या बैठकीत जाऊन बसतो.

त्या काळी चर्चमध्ये निरनिराळ्या संतांच्या मूर्ती असत आणि त्यांच्यापुढे मेणबत्त्या तेवत ठेवण्यासाठी वेगवेगळे फंड. मोरबाथमध्ये एक फंड मरियेचा, एक सेंट जॉर्जचा, एक गावातल्या तरुणांचा, एक अविवाहित मुलींचा, असे बरेच होते आणि प्रत्येकाचा कारभारी वेगळा. मोठ्या फंडांचं भांडवल म्हणजे मेंढ्या. त्या चर्चच्या मालकीच्या, पण पाळायच्या गावकऱ्यांनी, घरोघरी वाटून. कुणाच्या कळपात फंडाची कोणती मेंढी आहे, लोकर किती निघाली, कोणती मेली, हे सगळं वहीत आहे. जोडीला वर्षाकाठी चर्चसाठी बीअर गाळून मेजवानी व्हायची आणि तिच्या विक्रीतून चर्चचा खर्च भागायचा. गावची वर्गणी म्हटली की रुसवेफुगवे आलेच. कुणी किती द्यायचं यावरून झालेले वाद आणि ते मिटवायला केलेली धावपळही ट्रिकीने टिपून ठेवली आहे.

त्याची स्वतःची भक्ती सेंट सिडवेलवर. ही डेव्हनमधल्याच एक्सटर शहराची स्थानिक संत. सावत्र आईच्या सांगण्यावरून कापणी करणाऱ्यांनी विळ्याने तिचं डोकं उडवलं, अशी आख्यायिका आहे. मोरबाथमध्ये तिची मूर्ती आणली ती ट्रिकीने, तीही पदरमोड करून. हळूहळू गावकऱ्यांनी तिला आपलंसं केलं. तिच्यासाठी चांदीचा जोडा घडवला गेला, मुलींची नावं सिडवेल ठेवली जाऊ लागली. 1534 मध्ये चोराने चर्च फोडून तो जोडा आणि पूजेचा चषक लांबवला, तेव्हा गावातली तरुण पोरंपोरी एकत्र आली आणि पैसे उभे करून त्यांनी नवा चषक आणला. गावाच्या तिजोरीला तोशीस नाही. ट्रिकीने हे मोठ्या अभिमानाने नोंदवलं आहे.

मग लंडनहून हुकूम येऊ लागले. 1534 मध्येच आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी नातं तोडलं होतं, पण खेड्यात खरा फरक जाणवला तो 1538 मध्ये, जेव्हा मूर्तींपुढे दिवे लावायला बंदी झाली. दिवेच नाहीत तर दिव्यांचे फंड कशाला? तरुणांचा आणि मुलींचा फंड संपला. हेन्रीनंतर 1547 मध्ये गादीवर आलेल्या नऊ वर्षांच्या सहाव्या एडवर्डच्या नावाने राज्य करणारे तर त्याहून कडवे निघाले. मूर्ती गेल्या, मेंढ्या विकल्या गेल्या, बीअरची मेजवानी बंद झाली. त्यातही एक गोष्ट चटका लावणारी. मृतांसाठीच्या प्रार्थनेला लागणारी काळी वस्त्रं घ्यायची म्हणून ट्रिकीने स्वतःच्या वाट्याचं उत्पन्न सोडून जवळपास वीस वर्षं पैसे साठवले होते. ती वस्त्रं आली 1547 मध्ये. ज्या विधीसाठी ती घेतली, तो विधीच लगेच मोडीत निघाला.

धर्मसुधारणेची चर्चा बहुधा सिद्धांतांवर अडकते. माझ्या मते मोरबाथमध्ये सगळ्यात आधी मोडला तो गावाचा स्वतःचा कारभार. आधी डझनभर माणसं, क्वचित बायकाही, कुठल्या ना कुठल्या फंडाचा हिशेब देत होती. तरणी पोरंही त्यात होती. आता एकच कारभारी उरला, आणि त्याच्या हाती विकायला काढलेलं सामान आणि वरून आलेल्या मागण्या. त्या वर्षांबद्दल ट्रिकीने नंतर लिहिलं की चर्चला कुणी काही दिलं नाही, जे गेलं ते चर्चमधूनच गेलं.

1549 मध्ये जुन्या लॅटिन पूजेऐवजी इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं, त्यात मेंढ्यांवर नवा कर. जूनमध्ये डेव्हनमधल्याच सॅम्पफर्ड कोर्टनी गावात लोकांनी पाद्र्याला जुन्याच पद्धतीने पूजा करायला लावली आणि बंड पेटलं. बंडखोरांनी एक्सटरला पाचेक आठवडे वेढा घातला. त्यांची छावणी शहराबाहेर सेंट डेव्हिड्स डाऊन इथे. मोरबाथच्या वहीत एक साधीशी खर्चाची नोंद आहे: या छावणीकडे निघालेल्या पाच तरुणांना गावाने पैसे आणि शस्त्रं दिली. म्हणजे राजाविरुद्ध लढायला गावाने गावाच्या खर्चाने माणसं धाडली आणि त्याचा रीतसर हिशेबही लिहिला! ऑगस्टमध्ये सरकारी फौजेने बंड चिरडलं, हजारो माणसं मारली गेली.

1553 मध्ये कॅथलिक, म्हणजे पोपला आणि जुन्या रीतींना मानणारी, मेरी राणी झाली, तशी घराघरांत लपवलेली मूर्तींची, लाकडी कोरीवकामाची शकलं गावकरी परत आणू लागले. ट्रिकीला आनंद लपवता आला नाही. पण पाच वर्षांत मेरी गेली, प्रोटेस्टंट एलिझाबेथ आली आणि पुन्हा सगळं उलटं. या वेळी गाव आणि पाद्री दोघांनीही मुकाट मान तुकवली. रंग बदलणारा म्हणून ट्रिकीला हिणवणं सोपं आहे. मात्र राजीनामा देऊन तो निघून गेला असता, तर मोरबाथला कुणीतरी परकाच पाद्री मिळाला असता. तो थांबला, नव्या पुस्तकातून प्रार्थना म्हणू लागला आणि वही लिहीत राहिला. 1904 मध्ये गावच्याच एका पाद्र्याने ती छापून काढली, तोवर ती कुणाला फारशी ठाऊकही नव्हती.