पार्श्वभूमी : ‘घाशीराम’पासून ‘सिंहासन’पर्यंत

मराठी सिनेमाला नाटकवाले नवे नाहीत. कोल्हापूरच्या मूकपटांमागे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे हात होते. पुढे बोलपट आला तेव्हा नट आणि गाणी दोन्ही रंगभूमीनेच पुरवली. सत्तरच्या दशकात आलेल्या जब्बार पटेल या दिग्दर्शकाचे प्रकरण मात्र वेगळे होते. शिक्षण पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, दवाखाना दौंडला आणि जीव नाटकात.

त्याच्या सिनेमाचे मूळ बहुतेक जण 1975 च्या बर्लिन महोत्सवात गेलेल्या ‘सामना’पाशी शोधतात. ते खरे तर 16 डिसेंबर 1972 ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झालेल्या, त्यानेच बसवलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाच्या पहिल्या प्रयोगात आहे. रंगमंचावर ब्राह्मणांची एक रांग. ती गाते, नाचते आणि वेळ आली की पाठ फिरवून भिंत होते. त्या भिंतीआड नाना फडणवीसांचे काय चालले आहे हे प्रेक्षकाला बरोबर कळते. नेपथ्य जवळपास नाहीच, सगळे काम माणसांच्या हालचालींवर.

नाटक गाजले आणि लगेच अडकले. नानांची बदनामी, इतिहासाचा विपर्यास, ब्राह्मणद्वेष असे आक्षेप आले आणि 19 प्रयोगांनंतर मातृसंस्थेने, म्हणजे ते रंगमंचावर आणणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, ते बंद केले. या निर्णयावर अजूनही दोन तट आहेत. संस्थेची बाजू मांडणारे म्हणतात, जाणत्या मंडळींनाच नाटकाचा आशय पटत नसेल तर ते आपल्या नावावर का चालवावे? हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण नाटक बसवायला घेतले तेव्हा संहिता समोर होती, नानाही तेच होते. तेव्हा न बोचलेले नंतर बोचू लागले, ते बाहेर आवाज चढल्यावर, असे वाटल्यावाचून राहत नाही. नाटककार विजय तेंडुलकरांनी हे ऐतिहासिक नाटक नव्हे असे सांगून ठेवले होते, तेही कुणी फारसे मनावर घेतले नाही.

नाटकातली तरुण मंडळी बाहेर पडली, 1973 मध्ये त्यांनी थिएटर अ‍ॅकॅडमी ही स्वतःची संस्था काढली आणि जानेवारी 1974 पासून प्रयोग पुन्हा सुरू केले. मोठा संच टिकवणे, पैसा उभा करणे, विरोध अंगावर घेणे हे सगळे आता त्यांच्याच गळ्यात पडले. चित्रपट दिग्दर्शकाला लागणारी ही शिकवणी या फाटाफुटीने फुकटात दिली. 1980 च्या युरोप दौऱ्यालाही विरोध झाला, पण तोवर कातडी जाड झाली होती.

‘सामना’त लेखक ‘घाशीराम’चाच, संगीतकारही तोच. साखरसम्राट आणि म्हातारा गांधीवादी मास्तर यांची जुगलबंदी मूळची रंगमंचावरचीच वाटते. फरक इतकाच की कॅमेरा नटांच्या चेहऱ्याजवळ जाऊ शकतो, आणि दिग्दर्शकाने ती सोय पुरेपूर वापरली.

गंमत म्हणजे 1976 मध्ये ‘घाशीराम’वर चित्रपट निघाला तो याने केलाच नाही. चित्रपट प्रशिक्षण घेतलेल्या तरुणांच्या सहकारी गटाने तो केला आणि दिग्दर्शक म्हणून चौघांची नावे लागली. रंगमंचावरचे नाना तेवढे पडद्यावरही तेच राहिले. नाटकाच्या तुलनेत हा चित्रपट फारच थोड्यांनी पाहिला.

दिग्दर्शक स्वतः नाटक सोडून सिनेमात गेला, असे सरधोपट लिहिले जाते. तेही बरोबर नाही. 1977 च्या ‘जैत रे जैत’नंतर, 1978 मध्ये तो ‘तीन पैशाचा तमाशा’ घेऊन पुन्हा रंगमंचावर होता. 1979 चा ‘सिंहासन’ त्यानंतरचा. दोन कादंबऱ्या एकत्र गुंफलेल्या या चित्रपटात मुख्यमंत्र्यापासून पत्रकारापर्यंत नाटकातून आलेल्या नटांची फौज आहे. मंत्री, कामगार पुढारी, तस्कर असा मोठा पसारा असूनही कोणाचा कोणाशी काय संबंध हे भान कधी सुटत नाही. गर्दी हाताळण्याची ही सवय ‘घाशीराम’च्या तालमीतली.

1982 च्या ‘उंबरठा’त ती गर्दी मागे सरली आणि एकच बाई मध्यभागी आली. पुढे ‘एक होता विदूषक’मध्ये त्याने तमाशातून सिनेमात आणि तिथून राजकारणात गेलेला कलावंत रंगवला.