चामड्याच्या कव्हरात पिस्तूल गंजत नाही?

परवान्याचं पिस्तूल खोबरेल लावून चामड्याच्या कव्हरात ठेवलं की गंज चढत नाही, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. चामडं जाड, मजबूत. म्हणून तो पटतोही.

प्रत्यक्षात फार काळ ठेवायला चामडं वाईटच. ते हवेतला ओलावा शोषतं आणि पोलादाला लागून धरून ठेवतं. लावलेलं तेलही टिपून घेतं. शिवाय कातडं कमावताना वापरलेले क्षार, आम्लं त्यात उरलेली असू शकतात. कोकणच्या पावसाळ्यात हे सगळं लवकर अंगावर येतं. स्टेनलेस पोलादही यातून पूर्ण सुटत नाही. खोबरेल तर सुमारे २४ अंशांखाली थिजतं आणि जुनं झालं की चिकटतं.

पडताळा घरीच घेता येईल. दोन साधे लोखंडी खिळे पॉलिश पेपरने घासा, मशीनचं तेल लावा. एक दमट चामड्यात गुंडाळा, दुसरा उघडा ठेवा. काही दिवसांनी दोन्ही पाहा.

शस्त्र आधी रिकामं असल्याची खात्री करा. मग गोळीच्या दारूची काजळी आणि बोटांचा घाम पुसून बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. कव्हर वेगळं, शस्त्र कोरड्या कुलूपबंद कपाटात, सोबत ओलावा शोषणारं सिलिका जेल. पावसाळ्यात तपासणी मात्र वरचेवर हवी.